चार मिलिमीटरच्या आत

७ नोव्हेंबर १९९४, सोमवार

आज उत्तनला राहायला आले. सामान थोडंच आहे: एक होल्डॉल, नकाशे ठेवायची प्लास्टिकची नळी आणि तीस मीटरची पोलादी टेप. भाईंदर स्टेशनहून बस पकडली, बाजारापुढच्या थांब्यावर उतरले आणि डोंगराची पायवाट चढले. खाली बोंबील वाळत घातलेले बांबूचे मांडव ओळीनं उभे होते. हवा स्वच्छ होती, खाडीच्या पलीकडचा वसईचा किनारा नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. मला आनंद झाला. तसा मला तो पटकन होत नाही, म्हणून नोंद करतेय.

घर पठाराच्या कडेला एकटंच आहे. मंगलोरी कौलं, पुढं ओटा, अंगणात पांढरा क्रूस, मागं विहीर. सगळ्यांत जवळचं घर खाली उताराला, तीनशे मीटरवर. शेजार नको होताच.

घरमालकीण मॅबेल आंटी साठीच्या असतील. यजमान डॉमनिक अंकल. जन्मभर होडी चालवली, आता गुडघे गेले म्हणून ओट्यावर बसून जाळी विणतात. मुलगा रुबेन आखातात आहे, त्याची खोली मला दिली. आंटींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, पोरी, तू तर सुकटीवानी हायस, तुला आदी खायाला घालाया पायजे. मी हसले नाही, तर अंकलना म्हणाल्या, हिचं तोंड कुनीतरी शिवून ठेवलंय वाटतं.

सवयीप्रमाणे खोली मोजली. मग ओटा, मग सगळं घरच मोजलं. टेपचं दुसरं टोक आंटींनी धरलं. घर विकत घेतेस का काय गो, असं विचारत होत्या. नऊ मीटर वीस बाय सहा मीटर ऐंशी. त्यांना तो आकडा इतका आवडला की संध्याकाळी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या.

९ नोव्हेंबर

ऑफिस मीरा रोडला, हाटकेशच्या एका औद्योगिक गाळ्यात. शेजारच्या गाळ्यात स्टीलचे डबे ठोकतात, त्यामुळे दिवसभर आवाज. आत मात्र एसी आहे, कारण कॉम्प्युटर आहे. माणसं तीन. मालक गुणवंतभाई, नकाशावरच्या रेघा कॉम्प्युटरात उतरवायचं यंत्र, डिजिटायझर, चालवणारा यतीन, आणि आता मी.

काम असं. एका पार्टीला लहान विमानांसाठी धावपट्टी बांधायची आहे, आणि तिच्यासाठी मीरा-भाईंदरच्या आसपास जागा शोधायची आहे. पंचवीस हजारास एक या प्रमाणाचे नकाशे घ्यायचे. एकेका अडचणीची एकेक पारदर्शक फिल्म करायची. चढ जास्त तिथं काळं. तिवरांचं जंगल तिथं काळं. भरतीचं पाणी, विजेचे मनोरे, पक्ष्यांचे थवे, वाऱ्याची दिशा, आणि सातवी फिल्म वस्तीची. सातही फिल्म एकावर एक ठेवून खालून दिवा लावला की जिथून उजेड येतो, तेवढीच जागा चालण्यासारखी. बाकी सगळं बाद. आता हे कॉम्प्युटर करतो, पण गुणवंतभाईंना लाइट टेबलावर पाहिल्याशिवाय खरं वाटत नाही.

वस्तीच्या फिल्मवर आज अडचण आली. एकटीदुकटी घरं इतकी, की नकाशाला गोवर आल्यासारखा दिसत होता. मी नियम सुचवला: नकाशावर चार बाय चार मिलिमीटरहून लहान वस्ती दाखवायची नाही. म्हणजे जमिनीवर एक हेक्टर. त्याहून लहान जे असेल, ते भोवतालच्या जमिनीत मिसळून टाकायचं. भोवती पडीक असेल तर पडीक. सगळीकडे असंच करतात. गुणवंतभाई खूश झाले. म्हणाले, बेन, आ तो एकदम साफ थई गयुं. यतीननं तेव्हापासून माझं नाव मिलिमीटर मॅडम ठेवलंय.

१८ नोव्हेंबर

चेण्याला गेले होते. नकाशावर जे आहे ते जमिनीवर आहे का, हे पडताळायचं. घोडबंदर रोडपासून आत, डोंगराच्या पोटाशी, एक दगडाची खाण आहे आणि तिच्या अलीकडे एकमेकांना चिकटून दोन घरं. धाकू, त्याची बायको शालू, म्हातारी सासू. वालाचं शेत. शालूनं मला वालाच्या शेंगा उकडून दिल्या आणि नवरा आहे का विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाली, बरं हाय, पन टेप धराया तरी मानूस लागंल न्हवं. मग तिनंच धरली. दोन्ही घरं मिळून अकरा मीटर बाय पाच.

परत येऊन चेण्याचा नकाशा पुरा केला. नियमानुसार ती घरं पडीक जमिनीत गेली. प्लॉट, म्हणजे कॉम्प्युटरवरून रेखलेली प्रत, काढला. उत्तम निघाला.

२ डिसेंबर

पहिल्यांदा काय दिसलं ते लिहिते. अर्थ नंतर.

दुसऱ्या पडताळणीसाठी यतीनला घेऊन चेण्याला गेले. खाण अलीकडे सरकली आहे. जिथं घरं होती तिथं फोडलेल्या दगडांचा ढीग. ढिगावर बसून खाणीची माणसं भाकरी खात होती. एकाच्या पायाशी दगडांच्या फटीतून कोपरापर्यंत हात बाहेर आला होता. हिरव्या बांगड्या, दोन फुटलेल्या. वालाच्या वेलावर रक्ताचा आणि कोंबडीच्या पिसांचा चिखल. म्हातारीचं लुगडं एका खडकाखाली, आणि लुगड्यात अर्धी म्हातारी. माश्या त्या माणसांच्या भाकरीवरून हातावर जात होत्या, हातावरून भाकरीवर.

मी मुकादमाला विचारलं. लवू नाव त्याचं, साधा माणूस. म्हणाला, इथं घर कुठलं, मॅडम? आम्ही माणसं असताना सुरुंग लावू व्हय? लाल झेंडा लावला, शिट्ट्या मारल्या, स्वतः फिरून बघितलं. मोकळं रान होतं. परवाच अंगण... आणि थांबला. अंगण हा शब्द आपण का वापरला ते त्याचं त्यालाच कळेना. मग म्हणाला, म्हणजे सपाट जागा होती, भोकं पाडायला बरी पडली.

म्हणजे त्यांनी अंगणात पहारी मारून भोकं पाडली. दिवसाउजेडी. त्या तिघांसमोर.

यतीनला हात दाखवला. तो खाली वाकला, निरखून पाहिलं, आणि म्हणाला, दगड आहे, मॅडम. ऊन लागलंय का तुम्हाला?

३ डिसेंबर

काल चार फोटो काढले होते. मीरा रोडच्या स्टुडिओतून धुऊन आणले. मला हात दिसतो, बांगड्या दिसतात. स्टुडिओवाल्यानं दगडांचे इतके फोटो कशाला म्हणून विचारलं. काशीमिऱ्याच्या चौकीतल्या हवालदारानं तेच विचारलं, पण कमी सभ्य शब्दांत.

मला भास होत नाहीत. आजवर झालेले नाहीत. मग फरक काय? ती घरं मी मोजली होती, इतरांनी नव्हती. एवढाच फरक मला सापडतो.

मॅबेल आंटींना काही सांगितलं नाही. ताटातला मासा तसाच ठेवला, म्हणून त्या रागावल्या.

९ डिसेंबर

मिठागरांचा नकाशा सोमवारी छापला. त्यात बांधावर एक झोपडी होती, राखणदार आत्माराम आणि त्याच्या बायकोची. मागच्या महिन्यात मोजली होती, चार बाय तीन. यतीननं नियम लावला तेव्हा ती पुसली गेली. मला सोमवारीच आठवायला हवं होतं. आज आठवलं. धावत गेले.

भरावाचे डंपर चालू होते. एक मागं येत होता. आत्माराम झोपडीपुढं उभा राहून दोन्ही हात हलवत होता, ओरडत होता. क्लीनर त्याच्यापासून दोन हातांवर उभा, आरशाकडे बघून ड्रायव्हरला सांगत होता, आने दो, आने दो, पूरा खाली है. चाक आधी त्याच्या पायावर चढलं. तो पडला तेव्हा आवाज आला, ओलं लाकूड मोडल्यासारखा. मग कमरेवरून गेलं. बायको ड्रायव्हरच्या दारावर मुठी आपटत होती. त्यानं काच वर केली, धूळ येत होती म्हणून. ती नवऱ्याकडे मागं धावली, तेव्हा त्यानं मागचा हौदा उचलला. दगडमातीचा सगळा ढिगारा तिच्यावर.

मी किंचाळले. ते ड्रायव्हरला ऐकू गेलं. मी त्याला दिसत होते. म्हणाला, मॅडम, दूर रहो, गाडी खाली हो रही है, लग जाएगा. काळजीनं म्हणाला. मग त्यानं डंपर पुढं घेतला, मागं घेतला, पुन्हा पुढं घेतला. जमीन सपाट करत होता.

माझ्या चपलेवर रक्त आहे. धुऊनही जात नाही. आंटी म्हणाल्या, चप्पल तर कोरी हाय गो.

१४ डिसेंबर

उरला एकच नकाशा, उत्तनचा. पठार सपाट आहे, वारा समुद्राकडून सरळ येतो, तिवरं नाहीत, मनोरे नाहीत. जागा क्रमांक तीन. गुणवंतभाईंची सगळी आशा तिच्यावर. पार्टीला मार्चच्या आत पट्टी हवीय. मातीच्या चाचण्या आणि सपाटीकरण लगेच सुरू करणार.

विमान उतरायच्या वाटेत, पठाराच्या कडेला, नऊ वीस बाय सहा ऐंशी. नकाशावर पाव मिलिमीटरहून जरासंच मोठं.

मी गुणवंतभाईंना सांगितलं, मर्यादा खाली आणू या. चारऐवजी पाव मिलिमीटर. तेही नाही, तर निदान हे एक घर हातानं दाखवू. ते हसले. म्हणाले, बेन, नियम तुमीच केला ना? एका घरासाठी तोडला तर पार्टी विचारेल, बाकीची का नाय दाखवली? मग आखा नकाशा गोवर. मी म्हटलं, तिथं माणसं राहतात. मी राहते. म्हणाले, तर रूम चेंज करा ने.

मी त्यांना चेणं सांगितलं, मिठागर सांगितलं. त्यांनी यतीनकडे बघितलं. यतीननं मान खाली घातली. मला आठवडाभर सुट्टी घ्यायला सांगितलं, प्रेमानं. उत्तनचा नकाशा यतीन पुरा करेल.

१७ डिसेंबर

आज मी खोटं रेघाटलं.

शनिवार, ऑफिस अर्धा दिवस. सामान न्यायला आले म्हणून किल्ली घेतली. उत्तनचा नकाशा डिजिटायझरच्या पाटावर चिकटवलेला होताच. घराची बाहेरची रेघ धरली आणि विहीर आत घेतली, क्रूस आत घेतला, नारळ, जाळी वाळवायची जागा, अर्धा उतार. जिथं काही नाही तेही घर म्हणून दाखवलं, एक हेक्टरच्या वर जाईपर्यंत. आजपर्यंत एक बिंदू चुकीच्या जागी ठेवला नव्हता. डिजिटायझरचं भिंग एकेका कोपऱ्यावर नेऊन बटण दाबत गेले. यतीन डबा खाऊन जिना चढताना ऐकू आला. शेवटचा बिंदू टाकला, साठवलं, उठले.

तो म्हणाला, मॅडम, तुम्ही सुट्टीवर नं? मग डबा टेबलावर ठेवत म्हणाला, मलापण चेण्यात कसंतरी झालं होतं हां. पण मी काय बघितलं नाय, आईशप्पथ. त्याचा चेहरा पाहून वाटलं, खरं बोलतोय.

संध्याकाळी आंटींना मदत केली. नाताळच्या फराळाची पिठं मळायची होती. त्यांनी माझ्या गालाला पीठ लावलं, आणि मी ते पुसलं नाही.

२४ डिसेंबर

गावातली गाणी म्हणणारी मंडळी दरवर्षी वर येतात. आंटीनं ओट्यावर गोठ्याचा देखावा मांडला होता, मातीचा बाळ येशू, गवत, कागदी तारा. फुगे, म्हणजे मैद्याचे गोड गोळे, तळून परात भरली होती. अंकलनी कोट घातला होता.

संध्याकाळी पाचला गाणी चढणीवर ऐकू आली. गिटार, खंजिरी, पुढं काठीवर मोठा तारा. ती अंगणात आली. आंटी दोन्ही हात पसरून पुढं झाली. मंडळी थांबली नाहीत. तिच्या दोन्ही बाजूंनी गेली. काठीवाल्याचा खांदा तिच्या तोंडावर बसला, ती पडली, तिच्या हातावर बूट पडला. एकानं मातीचा बाळ तुडवला. गाणं तुटलं नाही. पठार ओलांडून पलीकडच्या पाड्याला निघून गेली.

ती सगळी आंटीचीच भाचरं होती. मॅबेल आंटी ओट्यावर बसून ओठाचं रक्त पुसत म्हणाली, सगली रागावलीत काय गो माज्यावर?

मी तिला सगळं सांगितलं. पहिल्यांदा. नियम माझा, हेही. तिनं मातीच्या बाळाचे तुकडे ओच्यात गोळा केले. मग विचारलं, पन तू तर घर मोठ्ठं काडलं व्हतंस ना? मंग?

मलाही तेच कळत नाही.

२६ डिसेंबर — डाव्या हातानं

बसनं दोन वेळा थांबा टाळला. तिसरीत इतर माणसांच्या पाठोपाठ चढले. माझ्या मांडीवर एक बाई बसली. पूर्ण वजनानं. मीरा रोडपर्यंत.

ऑफिसात उत्तनचा प्लॉट लाइट टेबलावर. पठार पांढरं. उजेड सरळ वर येत होता.

कॉम्प्युटरवर माझी रेघ पाहिली. सापडलं. शेवटचा बिंदू पहिल्या बिंदूला जुळला नाही. अर्धा मिलिमीटर उघडी राहिली. न जुळलेल्या रेघेला क्षेत्रफळ नसतं. कॉम्प्युटर साफसफाई करताना अशी रेघ कचरा म्हणून टाकतो. हे मी शिकवते लोकांना. आणि मीच

भिंग हलवलं, पडद्यावर काही हललं नाही. मग शाईचं पेन घेतलं आणि फिल्मवरच घर काढायला बसले. जरा मोठं. शाई टिकत नव्हती, थेंब होऊन घरंगळत होती. पुन्हा काढलं. पुन्हा.

यतीन आला. गुणगुणत. फिल्म उचलली, कटरखाली सरकवली, कडा कापायला. मी फिल्म धरून ठेवली. यतीन, थांब, म्हटलं. त्यानं फिल्म सरळ केली. माझ्या हातावर हात ठेवून दाबली. यतीन, मी आहे, मिलिमीटर मॅडम —

पातं खाली आलं.

दोन बोटं, मधलं आणि त्याच्या शेजारचं. पाटाच्या त्या बाजूला पडली. त्यानं कड झटकली, बोटं कागदाच्या कातरणाबरोबर डब्यात गेली. पातं जरा चिकट लागलं म्हणून फडक्यानं पुसलं. फडकं लाल. त्यानं नाकाला लावून पाहिलं. एकदा इकडेतिकडे बघितलं. मग दुसरी कड.

२७ डिसेंबर

आंटीनं हात बांधला. हळद, फडकं. रडली नाही. मला म्हणाली, तू कशाला परत आलीस? तिकडंच पलून जायाचं.

कुठं जाणार? कुठंही गेले तरी अंगावर येणारी गाडी मलाच चुकवावी लागेल. आणि ही दोघं.

पण ते नंतर सुचलेलं. खरं म्हणजे बसमध्ये विचार केलाच नाही. उतरले आणि चढण चढले.

अंकलचा बेत: होडी. समुद्रावर कोण अंगावर येणार? वसईच्या बाजूला त्यांचा भाऊ आहे. पण आपण त्याला तरी दिसू का, कोण जाणे. अमावास्या जवळ आलीय, परवा भरती बरी मिळेल म्हणाले. गुडघे दुखतात, तरी वल्ही घासून ठेवली. आंटी म्हणाली, चालीस वरसांनी बायकोला फिरवाया नेताय.

२८ डिसेंबर

अंकल गेले.

मातीच्या चाचणीसाठी माणसं आली. सहाजण. कुदळी, फावडी. पहिला खड्डा अंगणात, क्रूसापाशी. अंकल आडवे उभे राहिले. काठी आपटली. माज्या बापाच्या हातचा क्रूस हाय, म्हणत होते.

पहिली कुदळ खांद्यात. बसले. माणसानं कुदळ ओढली, निघेना, पाय देऊन ओढली. मुळं आहेत खाली, म्हणाला दुसऱ्याला. दुसरी मानेत. मी त्याच्या पाठीवर चढले, केस ओढले, चावले. त्यानं मान खाजवली. आंटी अंकलवर पालथी पडली, तिला मी ओढून काढलं. दोन बोटं नसलेल्या हातानं. कुदळ तिथंच पडली, जिथं तिचं डोकं होतं.

ते खोदत राहिले. सहा फूट. लाल माती निघाली म्हणाले, चांगली आहे. पिशवीत भरली. वर चिठ्ठी लावली.

डबा खाल्ला, आणि गेले.

अंकलना त्याच खड्ड्यात ठेवलं. आंटी आणि मी. दुसरा खड्डा खणायची ताकद नव्हती.

२९ डिसेंबर

होडी मला चालवता येत नाही. आंटी सोबत येणार नाही म्हणते. त्याला एकला टाकून न्हाय.

मी ओरडले तिच्यावर. तिनं माझ्या तोंडात भाताचा घास घातला.

खाली बुलडोझर आलाय. रस्त्यावर उभा. पिवळा.

३० डिसेंबर

मोजलं की दिसतं. शालूनं टेप धरली होती — नाही, ती मोजणारी नव्हती. मी मोजलं, मला दिसलं. मग दुसऱ्या कोणी मोजलं तर.

सकाळी पार्टीचा सर्व्हेअर आला, दुर्बीण लावली. त्याचा साखळी धरणारा माणूस अंगणातून जाणार. मी टेप घराच्या लांबीइतकी ताणून ठेवली. एक टोक भिंतीच्या कोपऱ्याला खिळ्यानं, दुसरं त्याच्या वाटेत.

अडखळला. उचलली. कोणाची राहिली रे, म्हणाला. वाचलं: नऊ वीस. टेपवरून नजर भिंतीपर्यंत गेली. थांबली. तोंड उघडलं. तो दाराकडे बघत होता. आंटीकडे. खरंच बघत होता. आंटीनं हात जोडले —

वरून सर्व्हेअरनं हाक मारली. ए, झोपला काय? तो वळला. पुन्हा वळून पाहिलं, तेव्हा डोळे रिकामे. टेप खिळ्यासकट ओढून काढली. गुंडाळली. घेऊन गेला.

म्हणजे खरं आहे. म्हणजे होतं. क्षणभर.

टेप नाही आता.

३० — दुपार

आंटीनं विचारलं, जाळ्याची दोरी चालंल का? अंकलची. गाठी सारख्या अंतरावर. चालेल. बुलडोझरचा ड्रायव्हर आला की त्याच्या हातात द्यायची. हातात कोंबायची. बोटांत.

मग तिनं तीच दोरी माझ्या डोक्यापासून टाचेपर्यंत लावली. गाठी मोजल्या. म्हणाली, मी तुला मोजली. आता तू मला दिसशील, काय बी झालं तरी.

रडले मी. लिहून ठेवते.

३१ डिसेंबर

चढतोय. आवाज भिंतीत येतोय. कौलं थरथरतात.

खालची नारळाची झाडं गेली. विहिरीचा कठडा गेला.

आंटी आत नाही बसत. ओट्यावर. माळ हातात, दोरी दुसऱ्या हातात.

क्रूस गेला. अंकलवरून —

आंटी, बघू नकोस. बघू नकोस म्हटलं.

ड्रायव्हर तरुण आहे. गळ्यात मफलर. तोंडात विडी. सरळ माझ्याकडे बघतोय. मी हात हलवतेय, तो हात हलवतो, खालच्या माणसाला, साफ है —

पातं ओट्यापासून चार मीटर.

दोरीचं टोक त्याच्याकडे फेकलं. मांडीवर पडलं. बघतोय. उचललं. आंटीनं इकडचं टोक ताणून धरलंय, पहिल्या दिवसासारखं. तो गाठी —

एक. दोन. मोजतोय, आंटी, तो मोजतोय, सोडू नकोस —

तीन मीटर. ब्रेक का नाही — दोन —

दिसलो. त्याला दिसलो. त्याचं तोंड — विडी पडली — तो ओरडतोय, पाय दाबतोय, थांबत नाही, मोकळ्या मातीवर थांबत नाही, तो हातांनी सांगतोय हटा हटा आणि आंटी माझ्यापुढं आली, दोरी अजून धरून, आणि मागं वळून मला म्हणतेय, पोरी, मला तू